ग्रेव्हयार्ड डेक आणि साइडबोर्डमधला हेट : कोल्हापूरच्या खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी राजारामपुरीत जमणाऱ्या आमच्या गटात मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळणारे कॉलेजचे विद्यार्थी आहेत, नोकरदार आहेत, इचलकरंजी-गडहिंग्लजहून गाडी काढून येणारेही आहेत. त्यातले बरेच जण हौसेनं ग्रेव्हयार्ड डेक बांधतात आणि पहिला गेम दणक्यात मारतात. दुसऱ्या गेमला समोरच्यानं साइडबोर्डमधून, म्हणजे गेमांच्या मध्ये बदलायला ठेवलेल्या कार्डांतून, एकच हेट कार्ड, म्हणजे ग्रेव्हयार्ड बंद पाडणारं कार्ड, टेबलवर ठेवलं की मात्र खांदे पडतात. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत. उत्तरं मुख्यतः मॉडर्न आणि लेगसी हे फॉरमॅट, म्हणजे कोणती कार्डं चालतील हे ठरवणारे खेळाचे प्रकार, डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. इथे नाव आलेलं प्रत्येक कार्ड प्रत्येक फॉरमॅटला चालत नाही, त्यामुळे डेक बांधण्याआधी त्या दिवसाची बॅन यादी पाहून घ्या.

ग्रेव्हयार्ड डेक नेमका कशाला म्हणायचा?

वापरून झालेली, मेलेली, टाकून दिलेली कार्डं जिथे जातात ती जागा ज्या डेकला दुसऱ्या हातासारखी वापरता येते, तो ग्रेव्हयार्ड डेक. याच्या तीन मोठ्या जाती आहेत आणि हेटचा परिणाम प्रत्येक जातीवर वेगळा होतो, म्हणून आपण कोणत्या जातीचा डेक खेळतोय हे आधी ओळखायला हवं.

पहिली जात ड्रेजची. हा गुण २००५ च्या राव्हनिका संचात आला. कार्ड ओढायची वेळ आली की ते न ओढता लायब्ररीच्या, म्हणजे ओढायच्या गड्डीच्या, वरची ठरावीक कार्डं ग्रेव्हयार्डमध्ये टाकायची आणि ड्रेजवालं कार्ड हातात परत घ्यायचं. स्टिंकवीड इम्प पाच कार्डं टाकतो, गोल्गारी ग्रेव्ह-ट्रोल सहा. पडलेल्या कार्डांतून नार्कोमीबा, ब्लडगास्ट, प्राइझ्ड अमॅलगम अशी मंडळी फुकटात बॅटलफील्डवर येतात.

दुसरी जात रीअॅनिमेटरची. एखादा अवाढव्य क्रीचर ग्रेव्हयार्डमध्ये पोचवायचा आणि एक-दोन मानाच्या (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी, लँड कार्डांतून मिळणारी ताकद) स्पेलनं उठवायचा. तिसऱ्या जातीचे डेक ग्रेव्हयार्डला इंधन समजतात. डेल्व्ह (ग्रेव्हयार्डमधली कार्डं किंमत म्हणून देणं), एस्केप आणि फ्लॅशबॅक (ग्रेव्हयार्डमधूनच स्पेल टाकणं), आर्कलाइट फीनिक्स हे सगळं त्यात आलं. या तिसऱ्या जातीला हेट सगळ्यात कमी बाधतो, कारण यांच्याकडे नेहमीचा खेळही असतो.

पहिला गेम जिंकतो, पुढचे दोन जातात. डेकच कच्चा आहे काय?

नाही. पहिल्या गेमला समोरच्याच्या साठ कार्डांत ग्रेव्हयार्डला हात लावणारं सहसा काही नसतं. गेम संपला की तो पंधरा कार्डांचा साइडबोर्ड उघडतो आणि त्यातली तीन-चार, कधी पाच कार्डं खास तुमच्यासाठी असतात. आपल्या तालमींत एकाच डावावर कुस्त्या मारणारा पैलवान सगळ्यांच्या नजरेत भरतो आणि पुढच्या मैदानात जोडीदार त्याच डावाची तोड घासून येतो. अशा वेळी वस्ताद डाव सोडायला लावत नाहीत, त्या डावावर यायच्या दुसऱ्या दोन वाटा शिकवतात. पुढच्या सगळ्या उत्तरांत तेच आहे.

एक हिशेब करून बघा. समजा पहिला गेम तुम्ही शंभरात ७५ वेळा जिंकता आणि हेट आल्यानंतरचा प्रत्येक गेम ३५ वेळा. तर तीन गेमचा सामना तुम्ही साधारण ४६ टक्के वेळा जिंकाल. आता पहिल्या गेमला हातही लावू नका, फक्त नंतरचे गेम ३५ वरून ४५ वर न्या. सामना ५७ टक्क्यांवर जातो. हरणारा डेक जिंकणारा होतो, आणि तोही साठ कार्डांचा सांगाडा न बदलता. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की सरावातला निम्म्याहून जास्त वेळ हेटसमोरच्या गेमना द्या. आपल्याकडे उलट होतं. मित्र भेटले की पहिला गेम खेळायचा, जिंकायचं, पुन्हा पहिलाच गेम खेळायचा. त्यातून डेकची मजा कळते, सामना जिंकणं शिकता येत नाही.

हेट कार्डं लक्षात तरी किती ठेवायची?

नावं पाठ करू नका. ते कार्ड कोणत्या क्षणी आणि कशावर काम करतं एवढंच बघा. त्यावरून सगळी हेट कार्डं चार-पाच घरांत बसतात.

सगळ्यात कडक घर म्हणजे ग्रेव्हयार्ड भरूच न देणारी कार्डं. लेलाइन ऑफ द व्हॉइड हातात आलेल्या पहिल्या सात कार्डांत असेल तर गेम सुरू होण्याआधीच फुकट टेबलवर येते, आणि मग तुमचं जे जे कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये जाणार ते थेट एक्झाइल होतं, म्हणजे खेळातून बाहेर जातं. तिचा त्रास फक्त प्रतिस्पर्ध्याला, म्हणजे तुम्हाला. रेस्ट इन पीस दोन मानाचं, २०१२ चं पांढरं एन्चांटमेंट. ते येताच दोघांचीही ग्रेव्हयार्डं साफ करतं आणि पुढेही दोघांचं काही साठू देत नाही. हा फरक अंदाज बांधायला फार कामाचा आहे. समोरचा स्वतः टार्मोगॉइफ, स्नॅपकास्टर किंवा डेल्व्ह खेळत असेल तर तो रेस्ट इन पीस सहसा आणणार नाही, कारण त्याचंच घर जळेल.

दुसरं घर ग्रेव्हयार्ड भरू देणारं, पण दार लावणारं. ग्राफडिगर्स केज. यावर खाली वेगळा प्रश्न आहे.

तिसऱ्या घरातली कार्डं एकदाच साफ करतात आणि संपतात. टॉर्मॉड्स क्रिप्ट १९९४ पासून हे काम शून्य मानात करतंय. निहिल स्पेलबॉम्ब, सोल-गाइड लँटर्न, रेलिक ऑफ प्रोजेनिटस हे त्याचे भाऊबंद. रेलिक जरा जास्त चिवट आहे, कारण फोडायच्या आधी ते दर वळणाला एकेक कार्ड उचलत राहतं. फक्त कोणतं कार्ड जाणार हे ग्रेव्हयार्डचा मालक ठरवतो, समोरचा नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

चौथं घर हातातून अचानक येणाऱ्यांचं. सर्जिकल एक्स्ट्रॅक्शन माना नसला तरी दोन लाइफ देऊन मारता येतं, म्हणून ते कुठल्याही रंगाच्या डेकमध्ये सापडतं. २०२१ चा एन्ड्युरन्स हा हिरवा क्रीचर फ्लॅशनं (समोरच्याच्या वळणातही) येतो किंवा हातातलं एक हिरवं कार्ड एक्झाइल करून फुकटात येतो, आणि तुमचं अख्खं ग्रेव्हयार्ड लायब्ररीच्या तळाशी जातं. रॅव्हेनस ट्रॅप तर एका वळणात तुमची तीन किंवा जास्त कार्डं ग्रेव्हयार्डमध्ये गेली की शून्य मानात पडतं. ही कार्डं टेबलवर दिसत नाहीत. समोरच्याकडे मोकळा माना नाही म्हणून निर्धास्त झालात तर फसलात.

आणि बोजुका बॉग. टेबलवर येताच ग्रेव्हयार्ड साफ करणारं लँड आहे, त्यामुळे काउंटर होत नाही (मधेच रद्द करता येत नाही) आणि थॉटसीझनं, म्हणजे हात बघून कार्ड टाकायला लावणाऱ्या स्पेलनं, उचलताही येत नाही.

समोरच्याच्या पहिल्याच हातात लेलाइन असण्याची शक्यता किती?

साठ कार्डांत चार लेलाइन असतील तर पहिल्या सात कार्डांत किमान एक असण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. तीनच असतील तर ३१ ते ३२ टक्के, दोन असतील तर २२. पण लेलाइनसाठी खेळाडू मुलिगन घेतात, म्हणजे हात परत करून नवा घेतात. आताच्या नियमात, म्हणजे २०१९ पासूनच्या लंडन मुलिगनमध्ये, दर वेळी सात कार्डं बघायला मिळतात आणि मग जेवढी मुलिगन तेवढी तळाशी ठेवायची. त्यामुळे एका मुलिगनपर्यंत जायची तयारी असेल तर शक्यता ६४ टक्क्यांवर, दोनपर्यंत असेल तर ७८ वर जाते.

हे आकडे बघून घाबरू नका, त्यातली दुसरी बाजू बघा. जो लेलाइनसाठी पाच कार्डांवर आला, त्याच्याकडे लेलाइन सोडून चार कार्डं उरली. लेलाइन तुम्हाला अडवते, तुमचं लाइफ कमी करत नाही. तुम्ही सात कार्डांचा बरा हात ठेवून साधे क्रीचर टाकत राहिलात तरी असे गेम जिंकता येतात. आणि काळा रंग नसलेल्या डेकला नंतर ओढलेली लेलाइन टाकताही येत नाही, ती हातात मेलेली असते. पहिली फोडली की सहसा विषय संपला.

साइडबोर्डमधून किती कार्डं आत घ्यायची?

सगळ्यात जास्त गेम इथे जातात. हेट येणार म्हटल्यावर खेळाडू नेचर्स क्लेम चार, थॉटसीझ तीन, आणखी काही दोन असं नऊ-दहा कार्डांचं उत्तर भरतो आणि तेवढीच इंजिनची कार्डं बाहेर काढतो. मग समोरच्याकडे हेट आलाच नाही तरी डेक चालत नाही. हातात उत्तरं घेऊन हरायचं.

ड्रेजसारख्या डेकमध्ये चार ते सहा कार्डांच्या वर बदल करू नये असं माझं मत आहे. कार्डं टाकून देणारी साधनं आणि ड्रेजवाली कार्डं यांना हात लावायचा नाही. बाहेर काढायचं ते शेवटचं टोक. जे कार्ड आधीच जिंकत असलेला गेम जरा लवकर संपवतं, ते पहिलं काढा. ज्या सामन्यात समोरचा क्रीचर खेळतच नाही तिथे क्रीचर मारणारी कार्डं काढा. रीअॅनिमेटरमध्ये जागा थोडी जास्त असते, कारण तिथे उठवायला एकच मोठा क्रीचर पुरतो.

आत घ्यायच्या कार्डांमध्ये एकच उत्तर अनेक घरांवर चालेल असं बघा. नेचर्स क्लेम एका हिरव्या मानात आर्टिफॅक्ट किंवा एन्चांटमेंट फोडतं. समोरच्याला मिळणाऱ्या चार लाइफचं दुःख करू नका. फोर्स ऑफ व्हिगर दोन वस्तू एकदम फोडतं आणि समोरच्याच्या वळणात हातातलं दुसरं हिरवं कार्ड एक्झाइल करून फुकट पडतं. लेगसीत ड्रेज करून हातात आलेला ग्रेव्ह-ट्रोल हिरवाच असतो, त्याचा इथे नेमका उपयोग होतो. स्टिंकवीड इम्प काळा आहे, तो चालत नाही. म्हणून फोर्स घालण्याआधी डेकमधली हिरवी कार्डं मोजा. बोसेजू हू एन्ड्युअर्स हेही अशा वस्तू फोडतं, पण लँड असल्यामुळे साठ कार्डांतच ठेवता येतं आणि साइडबोर्डची जागा वाचते. माझ्या मते ग्रेव्हयार्ड डेकला गेल्या काही वर्षांत मिळालेली ही सगळ्यात चांगली भेट.

पिथिंग नीडल घालू का?

क्रिप्ट, रेलिक, लँटर्न या वस्तू वापरायला त्यांची क्षमता चालवावी लागते, तिथेच नीडल चालते, कारण ती नाव घेतलेल्या कार्डाची क्षमता चालवू देत नाही. लेलाइन, रेस्ट इन पीस आणि केज नुसती टेबलवर असली की काम करतात, त्यांच्यावर नीडलचा काही परिणाम नाही. शिवाय नीडल स्टॅकवर असतानाच, म्हणजे टाकली पण अजून लागू झालेली नसतानाच, समोरचा क्रिप्ट फोडून मोकळा होतो. तेही कधी कधी तुम्हाला हवंच असतं. ग्रेव्हयार्ड रिकामं असताना नीडल टाका, म्हणजे त्याला क्रिप्ट फुकट घालवावं तरी लागेल किंवा गप्प तरी बसावं लागेल.

लगा, केज पडलं की डेक संपलाच की?

हा प्रश्न रंकाळ्याच्या कट्ट्यावर चहा पिताना सगळ्यात जास्त वेळा आलाय, म्हणून सविस्तर सांगतो.

केज दोनच गोष्टी करतं. ग्रेव्हयार्ड आणि लायब्ररीतली क्रीचर कार्डं बॅटलफील्डवर येऊ शकत नाहीत, आणि तिथून कोणालाही स्पेल टाकता येत नाही. बाकी सगळं चालू असतं.

म्हणजे ड्रेज चालतं. ते कार्ड हातात येतं, बॅटलफील्डवर येत नाही. क्रीपिंग चिल लायब्ररीतून पडलं की स्वतःला एक्झाइल करून तीन डॅमेज देतं, तेही केजसमोर बिनधास्त चालतं. चारही पडली तर बारा डॅमेज झालं, म्हणजे वीस लाइफमधलं अर्ध्याहून जास्त. डेल्व्ह चालतं, कारण तिथे ग्रेव्हयार्डमधली कार्डं किंमत म्हणून जातात आणि स्पेल हातातून पडतो. लाइफ फ्रॉम द लोम चालतं. हातातून माना देऊन खेळलेला क्रीचर अर्थातच चालतो.

चालत नाही ते असं : नार्कोमीबा, ब्लडगास्ट, अमॅलगम यांचं परत येणं, रीअॅनिमेट करून क्रीचर उठवणं, फ्लॅशबॅक, एस्केप. इथे एक अडचण आवर्जून लक्षात ठेवा. एन्शंट ग्रज फ्लॅशबॅकनं मारून केज फोडू असं मनात धरून ते लायब्ररीतून ग्रेव्हयार्डमध्ये टाकणारे मी बरेच बघितलेत. ग्रेव्हयार्डमधून स्पेल टाकायला केजच मना करतं. ग्रज हातातूनच टाकावं लागेल.

आता यातून खेळ कसा काढायचा. केज ग्रेव्हयार्डला हात लावत नाही. म्हणून केज समोर असताना थांबायचं नाही, भरत राहायचं. ब्लडगास्ट आणि अमॅलगम खाली साठू द्या. नार्कोमीबाचा ट्रिगर, म्हणजे आपोआप सुरू होणारी क्षमता, त्या वेळी वाया जातो, तेवढं नुकसान सोसा. मग समोरच्याच्या वळणाच्या शेवटी केज फोडा आणि आपल्या वळणात लँड टाका. सगळे ब्लडगास्ट एकदम उठतात, आणि त्यांच्यामागून वळणाच्या शेवटी अमॅलगम. लेलाइन किंवा रेस्ट इन पीससमोर हाच खेळ केलात तर आत्मघात आहे, कारण तिथे टाकलेलं कार्ड कायमचं गेलं. तिथे आधी फोडायचं, मग भरायचं. हा एक फरक अंगवळणी पडला तरी दुसऱ्या गेमचे निकाल बदलतील.

समोर क्रिप्ट किंवा लँटर्न नुसतं बसलंय. थांबू की घुसू?

बहुतेक वेळा अर्धं घुसा. एकदाच साफ करणाऱ्या कार्डाचा सगळा जोर ते न वापरण्यात असतो. तुम्ही घाबरून काहीच केलं नाहीत तर एका मानाच्या कार्डानं त्यानं तुमची चार वळणं खाल्ली. आणि हातात होतं नव्हतं ते सगळं एका वळणात ओतलंत तर त्यानं ते एका फटक्यात साफ केलं.

म्हणून अशी चढाई करा की तिला उत्तर न देणं त्याला परवडणार नाही, पण ती साफ झाली तरी तुमच्या हातात पुन्हा सुरुवात करायला एक ड्रेजवालं कार्ड आणि ते टाकून द्यायचं साधन शिल्लक असेल. त्यानं क्रिप्ट फोडलं की लगेच पुढच्याच वळणात दुसरी लाट. समोरचा त्या वेळी सुस्कारा टाकून बसलेला असतो.

फोडण्याची वेळही ओळखा. शहाणा खेळाडू तुमच्या ड्रॉच्या आधी, अपकीपमध्ये, म्हणजे वळणाच्या सुरुवातीलाच, फोडतो, म्हणजे त्या वळणाला ड्रेज करायला काही उरत नाही. अमॅलगमच्या बाबतीत तो वळणाच्या शेवटापर्यंत वाट बघू शकतो, कारण अमॅलगम लगेच येत नाही, पुढच्या एंड स्टेपला येतो. पण ड्रेज करणं ही स्टॅकवर जाणारी गोष्ट नाही, ती कार्ड ओढण्याच्या जागी घडते. फेथलेस लूटिंगनं दोन कार्डं ओढताना तुम्ही लागोपाठ दोन ड्रेज केलेत तर त्यांच्या मध्ये त्याला काहीही करता येत नाही. पहिल्या ड्रेजमध्ये पडलेलं नवं ड्रेज कार्ड दुसऱ्या ड्रेजला वापरता येतं. त्यामुळे मोठी चढाई शक्यतो अशा एका स्पेलच्या पोटात करा. दोन छोट्या स्पेलमध्ये विभागलीत तर मधल्या फटीत तो घुसतो.

सर्जिकल एक्स्ट्रॅक्शनचं काय करायचं?

सर्जिकल नावावर चालतं. ग्रेव्हयार्डमधलं एक कार्ड निवडलं की त्याच नावाची हातातली, लायब्ररीतली आणि ग्रेव्हयार्डमधली सगळी जातात. म्हणून सुरुवातीला दोन वेगवेगळ्या नावांची ड्रेज कार्डं खाली जातील असं बघा. इम्प आणि गोल्गारी ठग असे दोघं खाली असतील तर एक सर्जिकल पुरत नाही. ड्रेज डेकला सर्जिकल एकट्यानं हरवत नाही. त्याचा खरा धाक रीअॅनिमेटरला. स्टॅकवर रीअॅनिमेट असताना क्रीचर उचलला की तुमची दोन कार्डं गेली आणि तो क्रीचर त्या गेमपुरता संपला. तिथे आधी थॉटसीझ मारून हात बघा, आणि उठवायला दोन वेगळ्या नावांचे क्रीचर ठेवा.

ग्रेव्हयार्ड न वापरता जिंकायचा दुसरा मार्ग ठेवावा का?

हो, पण तो डेकच्या मुळाशी जुळणारा हवा. याचं मला आवडणारं उदाहरण व्हिंटेज या जुन्या कार्डांच्या फॉरमॅटमधलं आहे. तिथला ड्रेज डेक बझार ऑफ बगदादवर चालतो. ते लँड टॅप करून दोन कार्डं ओढायची आणि तीन टाकायची. त्या डेकला होलो वनची जोड दिली जाते. होलो वन पाच मानाचा, पण त्या वळणात टाकलेल्या प्रत्येक कार्डामागे दोन मानानं स्वस्त होतो. तीन कार्डं टाकली की फुकट. समोर लेलाइन असली तरी टाकलेलं कार्ड टाकलेलंच मोजलं जातं, ते कुठे गेलं याला महत्त्व नाही. म्हणजे तेच इंजिन, तेच टाकणं, आणि हेट टेबलवर असून निरुपयोगी. मॅडनेसचंही तसंच आहे. मॅडनेसचं कार्ड टाकलं की ते मुळातच एक्झाइलमध्ये जातं आणि तिथून खेळता येतं, त्यामुळे रेस्ट इन पीससमोरही चालतं.

लेगसीच्या रीअॅनिमेटरनं शो अँड टेल घेणं हाही तोच विचार. मोठा क्रीचर हातातून थेट टेबलवर. याउलट ड्रेजमध्ये डेकशी संबंध नसलेले चार जाडजूड क्रीचर घुसवणं मला पटत नाही. ते टाकायला लागणारा माना तो डेक बनवतच नाही.

एवढा हेट असताना या डेकवर बंदी का येते?

कारण कधी कधी हेटही पुरत नाही. जून २०१९ मध्ये मॉडर्न होरायझन्स संचातून होगाक आला, माना न देता ग्रेव्हयार्डमधून टाकता येणारा आठ ताकदीचा क्रीचर. ८ जुलैला त्याच डेकमधल्या ब्रिज फ्रॉम बिलोवर मॉडर्नमध्ये बंदी आली. तरीही डेक थांबला नाही. लोक लेलाइन साइडबोर्डमधून उचलून मुख्य साठ कार्डांत घालायला लागले. शेवटी २६ ऑगस्टला होगाक गेला आणि त्याच्यासोबत फेथलेस लूटिंगही. लूटिंग डिसेंबर २०२४ मध्ये मॉडर्नमध्ये परत आलं. ग्रेव्ह-ट्रोलचीही अशीच ये-जा झाली. २०१५ मध्ये त्याच्यावरची बंदी उठली आणि जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा बसली.

मित्रांत हा डेक खेळला की तोंडं वाकडी होतात. चूक आहे का?

अजिबात नाही. या डेकमध्ये नियमांची जितकी बारीक जाण लागते तितकी फार थोड्या डेकना लागते, आणि तो मनापासून खेळणाऱ्याबद्दल मला आदर आहे. पण समोरच्याकडे साइडबोर्डच नसेल, नवा भिडू असेल, तर सलग ड्रेज घेऊन बसू नका. त्याला आधी दोन क्रिप्ट द्या, ती कधी फोडायची ते दाखवा, मग खेळा. सराव तुमचाही होतो. महागड्या कार्डांच्या जागी प्रिंट काढलेली कार्डं आपसांत ठरवून चालतात. अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत, पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

घरबसल्या अरीनावर, म्हणजे मॅजिकच्या ऑनलाइन खेळावर, सराव होतो का?

होतो, फक्त तीन गेमचे सामने खेळा. एका गेमच्या रांगेत गेमांच्या मध्ये साइडबोर्ड करायची सोयच नाही, त्यामुळे या पानावरचं काहीच तिथे शिकता येणार नाही.

मी यू-गि-ओ खेळतो. यातलं काही लागू पडतं?

विचार तोच. तिथेही साइड डेक पंधरापर्यंत आणि सामना तीन गेमचा. मॅक्रो कॉसमॉस टेबलवर आलं की लेलाइनसारखं सगळं बॅनिश होतं, तिथे आधी फोडायचं. डी.डी. क्रो आणि कॉल्ड बाय द ग्रेव्ह अचानक येऊन एकेक कार्ड उचलतात, तिथे एकाच मॉन्स्टरवर सगळी साखळी टांगायची नाही.

स्पर्धेला जाताना टेबलवरच्या कोणत्या गोष्टी सांभाळायच्या?

साइडबोर्ड करताना पंधराच्या पंधरा कार्डं डेकमध्ये मिसळा आणि मग पंधरा बाहेर काढा. तुम्ही दोन बदललीत की आठ, हे समोरच्याला कळू देऊ नका. सामना संपला की पुढच्या सामन्याआधी डेक मूळ नोंदवलेल्या यादीप्रमाणे करा. ग्रेव्हयार्ड सगळ्यांना बघायची मुभा असते, त्यामुळे ते नीट पसरून ठेवा, समोरच्यानं मागितलं की दाखवा. त्याचा क्रम मॉडर्नमध्ये बदलता येतो. लेगसी आणि व्हिंटेजमध्ये नाही, कारण तिथे क्रम मोजणारी जुनी कार्डं चालतात.

ट्रिगर तोंडानं मोठ्यानं बोला. सहा कार्डं पडली की आधी थांबा, नार्कोमीबा आणि चिल बाजूला काढा, मग पुढची हालचाल. घाईत पुढचं कार्ड ओढलंत तर ट्रिगर चुकला असं धरलं जाऊ शकतं.

आणि स्लीव्ह. साइडबोर्डची कार्डं कमी वापरली जातात, त्यामुळे त्यांच्या स्लीव्ह नव्या आणि बाकीच्या मळलेल्या राहतात. पाठीमागून ओळखू येणाऱ्या कार्डांवर जज दंड देऊ शकतो. स्पर्धेआधी पंच्याहत्तरच्या पंच्याहत्तर कार्डांना एकाच पाकिटातल्या नव्या स्लीव्ह घाला. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फॉइल कार्डं वाकतात आणि गड्डीत वेगळी कळतात. पावसाळ्यात जायचं असेल तर साइडबोर्डमध्ये साधी कार्डं ठेवा.